स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव: जगन्नाथ गणेश गुणे, जन्म: ३० ऑगस्ट १८८३, डभोई, मृत्यू: १८ एप्रिल १९६६) हे योगाचे संशोधक, शिक्षणतज्ज्ञ आणि शारीरिक शिक्षणाचे प्रवर्तक होते. लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकाचे संपादक म्हणून ते प्रामुख्याने ओळखले जातात. आसने व प्राणायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजून पाहणाऱ्या पहिल्या भारतीय अभ्यासकांमध्ये त्यांची गणना होते.

योगसंशोधनाच्या तुलनेत त्यांच्या कार्याची दुसरी बाजू कमी परिचित आहे. शाळेतील मुलांच्या शरीराबरोबर त्यांच्या स्वभावालाही वळण लावणारे शिक्षण खेळ आणि व्यायाम यांतून देता येते, या विचाराला मुंबई प्रांताच्या शिक्षणव्यवस्थेत स्थान मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९३८ साली कांदिवली येथे सुरू झालेली शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था हे त्या प्रयत्नाचे सर्वांत ठोस फलित होय.

जन्म आणि शिक्षण

जगन्नाथ गुणे यांचा जन्म तत्कालीन बडोदा संस्थानातील डभोई येथे एका मराठी कुटुंबात झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे शिक्षक होते. आईचे नाव सरस्वती. घरची परिस्थिती बेताची होती आणि शिक्षणासाठी त्यांना बरेच कष्ट सोसावे लागले. १९०३ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या परीक्षेत संस्कृत विषयात उत्तम यश मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढील शिक्षण त्यांनी बडोदा महाविद्यालयात घेतले व १९१० साली ते पदवीधर झाले.

बडोद्यातील या काळात त्यांच्यावर दोन प्रकारचे संस्कार झाले. पहिला राष्ट्रीय विचारांचा. अरविंद घोष काही वर्षे बडोदा महाविद्यालयात अध्यापन करीत होते आणि त्यांचा प्रभाव तेथील तरुणांवर होता. लोकमान्य टिळकांच्या चळवळीचेही गुणे यांना आकर्षण होते. देशकार्याला वाहून घेण्याच्या हेतूने त्यांनी आजन्म ब्रह्मचारी राहण्याचा निश्चय केला. दुसरा संस्कार आखाड्यातला होता आणि त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने तो अधिक निर्णायक ठरला.

जुम्मादादा व्यायामशाळा

१९०७ ते १९१० या काळात गुणे यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. उस्ताद जुम्मादादा हे माणिकरावांचे गुरू. मुसलमान गुरूच्या नावाने त्यांच्या हिंदू शिष्याने चालवलेली ही व्यायामशाळा पश्चिम भारतात नावाजलेली होती. माणिकराव हाडवैद्य म्हणूनही प्रसिद्ध होते.

पारंपरिक तालमीत शिक्षण एकेकट्या पठ्ठ्याला मिळत असे. उस्ताद आपल्या निवडक शिष्यांकडे वर्षानुवर्षे लक्ष देई. माणिकरावांनी त्याला सामुदायिक रूप दिले. अनेक मुलांना एकाच वेळी, देशी भाषेतील आज्ञांवर, ठरावीक क्रमाने व्यायाम शिकवण्याची पद्धत त्यांनी रुजवली. सरकारी शाळांतील कवायत त्या काळी इंग्रजी आज्ञांवर चालत असे आणि तिचे स्वरूप पलटणीतल्या कवायतीसारखे होते. माणिकरावांच्या पद्धतीमुळे शिस्तबद्ध सामुदायिक व्यायामाला परक्या भाषेची वा लष्करी वळणाची गरज नाही, हे गुणे यांना प्रत्यक्ष पाहता आले. सांघिक व्यायामाची ही कल्पना त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

अमळनेर येथील अध्यापन

पदवीनंतर गुणे खानदेशात अमळनेर येथे गेले आणि खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कार्यात सहभागी झाले. १९१६ साली ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. संस्थेतील वातावरण राष्ट्रीय विचारांनी भारलेले होते आणि त्यामुळेच ब्रिटिश सरकारने १९२० साली हे महाविद्यालय बंद केले. १९१६ ते १९२३ या काळात त्यांनी शाळा व महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृतीचे अध्यापन केले.

अमळनेरच्या अनुभवाचा त्यांच्या पुढील कार्यावर परिणाम झालेला दिसतो. सरकारी रोषामुळे अनेक वर्षांच्या कष्टांनी उभी केलेली संस्था एका आदेशाने बंद पडली होती. यानंतर त्यांनी राजकीय स्वरूपाची संस्था काढली नाही. राष्ट्र उभारायचे तर आधी माणूस उभा राहिला पाहिजे, ही धारणा मात्र कायम राहिली. तिला त्यांनी आरोग्य, योग आणि शारीरिक शिक्षण या मार्गांनी आकार दिला.

माधवदासजी आणि प्रयोगांचा प्रारंभ

१९१९ साली गुणे यांची भेट परमहंस माधवदासजी यांच्याशी झाली. मूळचे बंगालचे असलेले माधवदासजी नर्मदेकाठी मालसर येथे राहत. मुंबईत योगेंद्र या नावाने प्रसिद्ध झालेले आणि १९१८ साली वेसावे येथे योग संस्था सुरू करणारे मणिभाई देसाई हेही त्यांचेच शिष्य होते. योग ही संन्याशांपुरती गुप्त विद्या न राहता गृहस्थांपर्यंत व सामान्यांपर्यंत पोहोचावी, या दिशेने या दोन्ही शिष्यांनी आपापल्या पद्धतीने काम केले.

गुरूकडून मिळालेल्या विद्येवर श्रद्धा असली, तरी तिचे परिणाम पडताळून पाहिले पाहिजेत, असे गुणे यांना वाटे. १९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने उड्डियान बंध आणि नौली या क्रियांचे क्ष-किरणांद्वारे निरीक्षण केले. या क्रियांच्या वेळी मोठ्या आतड्यात वातावरणाच्या दाबापेक्षा कमी दाब निर्माण होतो, असे त्यांना आढळले. या निर्वात अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

कैवल्यधाम आणि योगमीमांसा

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम आश्रमाची स्थापना केली. याच सुमारास ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. प्रयोगांचे वृत्तांत, क्ष-किरण छायाचित्रे आणि मोजमापांच्या तक्त्यांसोबत सामान्य वाचकासाठी आसनांची सचित्र माहितीही त्यात येत असे. सर्वांगासन व शीर्षासनात रक्तदाबात होणारा बदल, प्राणायामातील प्राणवायू व कर्बवायूचे प्रमाण असे विषय त्यात हाताळले गेले.

महात्मा गांधी यांनी १९२७ साली रक्तदाबाच्या त्रासाच्या काळात त्यांच्याशी पत्रव्यवहार करून सल्ला घेतला होता. येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहानन यांनी १९३०च्या दशकाच्या प्रारंभी त्यांच्याकडे राहून योगाचा अभ्यास केला आणि त्यावर पुढे ग्रंथ लिहिला. १९३२ साली संस्थेची मुंबई शाखा सांताक्रूझ येथे सुरू झाली. १९३६ साली चौपाटीजवळ ईश्वरदास चुनिलाल योगिक आरोग्य केंद्र सुरू झाल्यावर शहरातील नोकरदारांना आणि रुग्णांना योगोपचार सहज उपलब्ध झाले. 'आसन' आणि 'प्राणायाम' ही त्यांची पुस्तके अनेक दशके प्रमाण मानली गेली.

शालेय शारीरिक शिक्षणाची पार्श्वभूमी

खेळातून चारित्र्य घडते, हा विचार ब्रिटिश काळात भारतात आला तो मुख्यतः इंग्लंडमधील निवासी शाळांच्या आदर्शातून. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात चेस्टर मॅकनॉटन यांनी संस्थानिकांच्या मुलांना क्रिकेटची गोडी लावली. रणजितसिंह हे तेथलेच विद्यार्थी. मुंबई-पुण्यातील जिमखान्यांमुळे क्रिकेट आणि टेनिस हे खेळ शहरी सुशिक्षितांमध्ये रुजले. हरतानाही संयम राखणे, पंचाचा निर्णय मानणे, प्रतिस्पर्ध्याचा आदर करणे ही मूल्ये या खेळांशी जोडली गेली.

परंतु या खेळांचा लाभ मोजक्याच मुलांना होत असे. टेनिसचे एक मैदान एका वेळी दोघांच्या किंवा चौघांच्या उपयोगी पडते. शिवाय रॅकेट, चेंडू, जाळे आणि मैदानाची निगा यांचा खर्च असतो. साध्या शाळेत, जिथे चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गाला मोकळे अंगणही दुर्मीळ होते, तिथे शारीरिक शिक्षण म्हणजे बहुधा आठवड्यातून एखादा कवायतीचा तास असे. तो घेणारा शिक्षक अनेकदा सैन्यातून निवृत्त झालेला असे. त्याला वर्गातील इतर शिक्षकांइतका मान वा पगार मिळत नसे.

या स्थितीला पर्याय देण्याचे काम महाराष्ट्रात अनेकांनी केले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि पुण्यातील अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ या संस्थांनी भारतीय व्यायाम व खेळ यांचे संघटन केले. खो-खो, हुतुतू, आट्यापाट्या या खेळांना लिखित नियम मिळाले. या खेळांना साहित्य जवळजवळ लागत नाही आणि एका वेळी बरीच मुले खेळू शकतात. चारित्र्यशिक्षणासाठी लागणारे सहकार्य, धाडस व नियमपालन हे गुण त्यांतही तितकेच कसाला लागतात.

सांघिक योगव्यायाम

कुवलयानंदांनी या चळवळीत योगाची भर घातली. १९३०च्या दशकात संयुक्त प्रांतातील शाळांसाठी त्यांनी योगावर आधारित व्यायामाचे कार्यक्रम आखले आणि 'यौगिक संघ व्यायाम' या पुस्तकात सामुदायिक पद्धतीची मांडणी केली. भुजंगासन, शलभासन, पश्चिमोत्तानासन यांसारखी आसने टप्प्याटप्प्याने, आज्ञेबरहुकूम आणि एकत्र करता येतील अशा रीतीने बसवण्यात आली. माणिकरावांकडे शिकलेली सांघिक पद्धत आणि माधवदासजींकडून मिळालेला योग यांचा तो संगम होता.

आसन आणि स्नायूंचा व्यायाम यांत त्यांनी स्पष्ट भेद केला. दंड-बैठका किंवा कुस्ती यांत वेग, जोर व दमछाक असते. आसनात हिसका न देता स्थितीत जाणे, तेथे स्थिर राहणे आणि सावकाश परत येणे अपेक्षित असते. पीळदार स्नायू कमावणे हा आसनांचा हेतू नसून मज्जासंस्था, अंतःस्रावी ग्रंथी व पचनेंद्रिये यांचे कार्य सुधारणे हा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून आसनांनी मैदानी खेळांची जागा घ्यावी अशी मांडणी त्यांनी केली नाही. शालेय कार्यक्रमात दोन्ही परस्परपूरक ठरतात. खेळात मूल इतरांशी वागायला शिकते, तर आसनात स्वतःच्या घाईला व चंचलतेला आवर घालायला शिकते.

कांदिवली येथील प्रशिक्षण संस्था

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले. शाळांतील सक्तीच्या शारीरिक शिक्षणाचा विचार याआधी कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केला होता. नव्या सरकारने शारीरिक शिक्षणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद स्वामी कुवलयानंदांकडे आले. अवघ्या सतरा वर्षांपूर्वी ज्यांचे महाविद्यालय सरकारने बंद केले होते, त्यांच्याकडेच आता प्रांतातील मुलांच्या शारीरिक शिक्षणाची दिशा ठरवण्याचे काम सोपवण्यात आले.

या प्रक्रियेतूनच १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. कांदिवली त्या वेळी मुंबई शहराच्या हद्दीबाहेर, मुंबई उपनगर जिल्ह्यात होती. १९०७ साली तेथे रेल्वे स्थानक झाले असले, तरी परिसराचे स्वरूप शेते, वाड्या आणि दगडखाणी असलेल्या गावाचेच होते. बृहन्मुंबईत तिचा समावेश १९५७ साली झाला. विस्तीर्ण मोकळी जागा आणि शहराशी रेल्वेने जोडलेले असणे, या दोन्ही गोष्टी अशा संस्थेला सोयीच्या होत्या.

संस्थेचे महत्त्व तिच्या उद्दिष्टात होते. ती निष्णात खेळाडू तयार करण्यासाठी नव्हती. शाळांसाठी शिक्षक घडवणे हे तिचे काम होते. मुंबई प्रांतात तेव्हा महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकाचा उत्तर भाग येत असल्याने तिचे कार्यक्षेत्र मोठे होते. प्रशिक्षणात भारतीय व पाश्चात्त्य अशा दोन्ही व्यायामप्रकारांना स्थान होते. पी. एम. जोसेफ यांनी या संस्थेचे प्राचार्यपद सांभाळले. ते पुढे १९५७ साली ग्वाल्हेर येथे सुरू झालेल्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. त्यामुळे कांदिवलीतील अनुभवाचा लाभ देशपातळीवरील शिक्षक-प्रशिक्षणालाही झाला.

शारीरिक शिक्षणाच्या तासाचे यश साहित्यापेक्षा शिक्षकावर अवलंबून असते, ही या योजनेमागची मूळ भूमिका होती. तोच खेळ एका शिक्षकाच्या हाती चढाओढ आणि भांडण शिकवतो, तर दुसऱ्याच्या हाती न्याय व सहकार्य. दुबळ्या मुलाला खेळात सामावून घ्यायचे की बाजूला बसवायचे, नियम मोडणाऱ्या चपळ खेळाडूकडे काणाडोळा करायचा की नाही, हे निर्णय दररोज मैदानावरच घेतले जातात. ते घेणाऱ्याला शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि अध्यापनपद्धती यांचे ज्ञान हवे, असा या व्यवसायाविषयीचा नवा दृष्टिकोन होता. कवायत मास्तर ते शारीरिक शिक्षण शिक्षक हा बदल कांदिवलीसारख्या संस्थांमुळे शक्य झाला.

चारित्र्यविषयक विचार

कुवलयानंदांच्या दृष्टीने चारित्र्य ही केवळ उपदेशाने देता येणारी गोष्ट नव्हती. योगशास्त्रातील यम व नियम यांकडे ते मानसिक आरोग्याची साधने म्हणून पाहत. १९६३ साली डॉ. श्री. ल. विनेकर यांच्यासह लिहिलेल्या योगोपचारावरील पुस्तकात त्यांनी उपचाराची सुरुवात योग्य मनोवृत्ती जोपासण्यापासून केली असून शरीराच्या पुनर्घडणीचा विचार तिच्या जोडीने केला आहे. अहिंसा, सत्य, संतोष यांसारख्या वृत्तींचा अभाव मनात ताण निर्माण करतो आणि तो ताण शरीरात उतरतो, अशी ही विचारसरणी आहे. शरीर आणि मन एकमेकांवर सतत परिणाम करीत असल्याने शरीराला लावलेली सवय मनालाही वळण लावते, हे त्यांच्या शारीरिक शिक्षणाचे गृहीतक होते.

मूल्यमापन

सांघिक व्यायामाच्या पद्धतीवर आक्षेपही घेतले जातात. आज्ञेवर शेकडो मुलांनी एकसारखी हालचाल करण्याने आज्ञाधारकपणा वाढेल, पण स्वतंत्र निर्णयशक्ती वाढेलच असे नाही, हा त्यांतील एक प्रमुख आक्षेप. खेळात मूल स्वतः निवड करते, चुकते आणि सावरते. कवायतीत ही मोकळीक नसते. एकांतात, गुरूच्या देखरेखीखाली करावयाच्या योगसाधनेला सामुदायिक रूप दिल्याने तिचा आध्यात्मिक गाभा हरवतो, अशी टीका परंपरावादी गोटातूनही होऊ शकते. ब्रह्मचर्य आणि राष्ट्रबांधणी यांवर त्या पिढीने दिलेला भर आजच्या शिक्षणविचाराशी पूर्णपणे जुळत नाही.

याउलट, साधनांचा तुटवडा असलेल्या प्रांतात प्रत्येक मुलापर्यंत पोहोचेल अशी बिनखर्चाची योजना आखणे हे त्या काळातील मोठे आव्हान होते. सांघिक पद्धतीने ते बऱ्याच अंशी पेलले. खेळ आणि व्यायाम हा सधन वर्गाचा विरंगुळा न राहता शालेय शिक्षणाचा भाग मानला जाणे, या बदलाचे श्रेय कुवलयानंद आणि त्यांच्या समकालीनांना दिले जाते.

उत्तरायुष्य आणि वारसा

स्वातंत्र्यानंतर कैवल्यधामचा विस्तार झाला. १९५०च्या सुमारास लोणावळ्यात गोरधनदास सेक्सरिया योग व सांस्कृतिक समन्वय महाविद्यालय सुरू झाले. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी तेथे योगोपचारासाठी रुग्णालय उभे राहिले. १९५७ साली वेंगर आणि बागची या अमेरिकेतून आलेल्या संशोधकांनी योग्यांवर केलेल्या शरीरशास्त्रीय प्रयोगांत कैवल्यधामचाही सहभाग होता.

१८ एप्रिल १९६६ रोजी वयाच्या ८२व्या वर्षी स्वामी कुवलयानंद यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर कैवल्यधामची धुरा त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी सांभाळली. 'योगमीमांसा'चे प्रकाशनही पुढे चालू राहिले.

कांदिवलीचे नाव आजही क्रीडाप्रशिक्षणाशी जोडलेले आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षण केंद्र या उपनगराच्या पूर्व भागात आहे. शाळेच्या वेळापत्रकातील शारीरिक शिक्षणाचा तास आणि तो घेणारा प्रशिक्षित शिक्षक या दोन्ही गोष्टी आता इतक्या परिचयाच्या झाल्या आहेत, की त्यांच्यामागील प्रयत्न सहसा लक्षात येत नाहीत. योगसंशोधक म्हणून कुवलयानंदांची कीर्ती मोठी आहे. पश्चिम भारतातील शाळांच्या मैदानांवरील त्यांचे काम तिच्या छायेत राहिले आहे.